कालाचे, राफ्फाएले

(२९ डिसेंबर १८६३–१४ नोव्हेंबर १९३४). श्रेष्ठ इटालियन मँडोलिनवादक, संगीतरचनाकार व वाद्यनिर्माता. जन्म व मृत्यू नेपल्स येथे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँडोलिन हे यूरोप-अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय वाद्यांपैकी एक होते. तथापि ही लोकप्रियता मुख्यतः हौशी वादकांमधील होती. गंभीर मैफलीचे वाद्य म्हणून व्हायोलिन वा पियानो यांना असलेली प्रतिष्ठा त्यास नव्हती. ती मिळवून देण्यासाठी कालाचेने वाद्याची घडण, वादनाचे तंत्र आणि रचनांचे भांडार या तिन्ही अंगांनी आयुष्यभर परिश्रम केले. त्याची कारकीर्द ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळाशी समांतर असून त्याचे वादन काही ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने जतन झाले आहे. मात्र त्याचे कार्य पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने त्याने घडविलेली वाद्ये आणि लिहिलेल्या रचना यांच्याद्वारा. वादकाची कला त्याच्या पश्चात कोणत्या साधनांनी टिकते, या प्रश्नाच्या दृष्टीने त्याची कारकीर्द विशेष उद्‌बोधक आहे.

मँडोलिन व त्याची तत्कालीन स्थिती : कालाचेच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम त्याच्या वाद्याचा परिचय आवश्यक ठरतो. नेपल्स पद्धतीच्या मँडोलिनचा मागील भाग लाकडाच्या अरुंद, वाकविलेल्या पट्ट्या एकमेकींस जोडून केलेला असतो व तो उभ्या चिरलेल्या नासपतीच्या अर्धासारखा फुगीर दिसतो. त्यावर पातळ लाकडाची तबली बसविलेली असून घोडीच्या जागी ती किंचित मोडून खाली उतरती केलेली असते. दांडीवर धातूचे स्थिर पडदे असतात. तारा चार जोड्यांत, एकूण आठ असून प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. ही लावणी व्हायोलिनप्रमाणेच, म्हणजे लागोपाठच्या जोड्यांत पाच स्वरांचे (षड्ज-पंचमाचे) अंतर ठेवून केलेली असते. वादन नखीने करतात. भारतात हे वाद्य मुख्यतः मुंबईच्या चित्रपटसंगीतातून परिचित झाले. संगीतदिग्दर्शक सज्जाद हुसेन (१९१७–९५) हे निष्णात मँडोलिनवादक होते, तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्या कारकीर्दीचा आरंभ मँडोलिनवादक म्हणूनच झाला. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विद्युत् मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून ख्याती मिळविली.

अठराव्या शतकात मँडोलिनला यूरोपीय संगीतात बऱ्यापैकी स्थान होते. व्हीव्हाल्डीने मँडोलिनच्या जुन्या प्रकारासाठी कन्चेर्तो लिहिले. मोट्‌सार्टने *दोन जोव्हान्नी* (१७८७) या संगीतिकेतील एका गीतास मँडोलिनची साथ योजिली. बेथोव्हनने १७९६ मध्ये प्राग येथे मँडोलिन व कळफलकवाद्य यांसाठी काही छोट्या रचना केल्या, तर हुमेलने १७९९ मध्ये या वाद्यासाठी कन्चेर्तो लिहिला. त्यानंतर मात्र मैफलींचा प्रेक्षकवर्ग वाढला, सभागृहे मोठी झाली आणि पियानोचा नाद अधिक भारदस्त बनला. त्यापुढे मँडोलिनचा बारीक व चटकन विरणारा नाद टिकाव धरू शकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक्तॉर बेर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने वाद्यवृंदावरील आपल्या ग्रंथात हे वाद्य जवळजवळ प्रचारातून गेल्याची नोंद केली आहे.

या अवनतीच्या काळातच वाद्याच्या पुनरुज्जीवनाची तयारी नेपल्समध्ये होत होती. १८३५ च्या सुमारास पास्क्वाले व्हिनाच्च्या या वाद्यनिर्मात्याने मँडोलिनला पोलादी तारा बसविल्या. वाढलेला ताण पेलण्यासाठी त्याने वाद्याची बांधणी मजबूत केली, दंतचक्रांच्या खुंट्या योजिल्या आणि दांडीची लांबी वाढविली. त्यामुळे नाद अधिक मोठा, तेजस्वी व स्थिर झाला. पुढे इटलीची राणी मार्गेरिता हिच्या आवडीमुळे मँडोलिनवादनास सरदार-दरकदारांच्या व सुखवस्तू मध्यमवर्गीयांच्या घरांत प्रतिष्ठा लाभली. १८७८ मध्ये पॅरिस येथे स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या एका वादकपथकाने मोठी लोकप्रियता मिळविली. त्यांची वाद्ये वास्तविक बांदुर्रिया या स्पॅनिश जातीची होती. परंतु त्यांच्या अनुकरणाने यूरोप व अमेरिकेत जी पथके निघाली, त्यांतील अनेकांनी मँडोलिनचा अवलंब केला. थोड्याच वर्षांत शहरोशहरी मँडोलिन-मंडळे स्थापन झाली. पडद्यांमुळे स्वरस्थाने निश्चित असल्याने हे वाद्य व्हायोलिनपेक्षा लवकर हाती येते. शिवाय ते स्वस्त व सुटसुटीतही होते.

परंतु लोकप्रियतेच्या या कारणांतच वाद्याच्या प्रतिष्ठेची मर्यादा दडलेली होती. सहज शिकता येणारे व नृत्याच्या आणि गीतांच्या चाली वाजविण्यास सोयीचे वाद्य, अशीच त्याची प्रतिमा रूढ झाली. व्हेर्दीने *ओतेल्लो* (१८८७) मध्ये व मालरने आपल्या सातव्या सिंफनीत (पहिला प्रयोग १९०८) मँडोलिनचा उपयोग केला. तथापि तो वातावरणनिर्मितीपुरता होता. स्वतंत्र वादनासाठी मोठ्या आवाक्याच्या रचना फारच थोड्या होत्या आणि संगीतविद्यालयांच्या नियमित अभ्यासक्रमातही या वाद्यास स्थान नव्हते.

घराणे व शिक्षण : कालाचे घराण्याच्या वाद्यनिर्मितीचा आरंभ राफ्फाएलेचा आजोबा निकोला याने १८२५ मध्ये नेपल्सजवळच्या प्रोचीदा बेटावर केला, असे कुटुंबाची परंपरा सांगते. राफ्फाएलेचा पिता आंतोन्यो हा नेपल्समधील नामवंत वाद्यनिर्माता होता. लाकडाची पारख, पट्ट्या वाकविणे, तबलीची जाडी ठरविणे इ. कामे राफ्फाएलेने बालपणापासून घरच्या कर्मशाळेत पाहिली. त्याचा ओढा मात्र आरंभी वादनाकडे होता. मँडोलिनवर त्याने लवकरच प्रभुत्व मिळविले आणि नेपल्सच्या राजकीय संगीतविद्यालयातून उच्च श्रेणीत पदवी संपादन केली. मँडोलिनच्या बहुसंख्य तत्कालीन वादकांना संगीतशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण मिळालेले नसे. स्वरसंहती, प्रतिस्वर आणि रचनाबंध यांची शिस्त अंगी असलेला वादक त्यांच्यात उठून दिसणे स्वाभाविक होते. पुढील काळात कालाचेच्या रचनांना जी बांधेसूद घडण लाभली, तिचे मूळ या शिक्षणात आहे.

पित्यानंतर राफ्फाएले व त्याचा वडीलबंधू निकोला यांनी कर्मशाळा एकत्र चालविली. पुढे निकोला अमेरिकेस गेला आणि नेपल्समधील व्यवसायाची धुरा राफ्फाएलेवर आली. एकाच व्यक्तीने वाद्य घडवावे, त्यावर मैफल करावी आणि त्यासाठी रचनाही लिहाव्यात, असा योग संगीताच्या इतिहासात क्वचितच आढळतो. कालाचेच्या बाबतीत ही तिन्ही कामे परस्परांना पूरक ठरली. मैफलीत जाणवलेली उणीव कर्मशाळेत दूर करता येई व कर्मशाळेत साधलेली सुधारणा नव्या रचनेस वाव देई.

वाद्यनिर्मितीतील कार्य : मैफलीच्या मँडोलिनमध्ये कालाचेने विशेष लक्ष दिले ते स्वरांच्या आवाक्याकडे व नादाच्या समतोलाकडे. पडद्यांची पट्टी ध्वनिरंध्रावरून पुढे वाढवून त्याने उंच सप्तकातील स्वर वादकाच्या आवाक्यात आणले. या वाढीमुळे व्हायोलिनच्या वरच्या स्थानांवरील जलद स्वरपंक्तींची बरोबरी करणे मँडोलिनवादकास शक्य झाले. उंच स्वरांत तारेचा कंप पावणारा भाग फार आखूड होतो व नाद कोरडा पडण्याचा संभव असतो. त्यामुळे तबलीची जाडी, तिच्या आतील आधारपट्ट्या व घोडीचे स्थान यांचा मेळ अतिशय काटेकोरपणे घालावा लागतो. कालाचेच्या कर्मशाळेतील उत्तम प्रतीची वाद्ये या गुणांसाठी नावाजली गेली. समकालीन रोमन वाद्यनिर्माता लुईजी एंबेर्गेर (१८५६–१९४३) याची वाद्ये अधिक सडपातळ बांध्याची व नेमक्या, रेखीव नादाची, तर नेपल्सची वाद्ये भरदार व ऊबदार नादाची, असा भेद जाणकार मानतात. या दोन घडणींच्या अनुषंगाने वादनाच्या शैलीही काहीशा भिन्न झाल्या.

कालाचेच्या नावाशी विशेषत्वाने निगडित असलेले दुसरे वाद्य म्हणजे ‘लिउतो कांताबिले’. या नावाचा अर्थ ‘गाता ल्यूट’ असा होतो. मँडोलिनच्या कुलातील हे मंद्र स्वरांचे मोठे वाद्य असून त्यास तारांच्या पाच जोड्या असतात. खालच्या चार जोड्या व्हायोलोनचेलोप्रमाणे लावतात आणि त्यांवर एक उंच जोडी अधिक असते. त्यामुळे मंद्र सप्तकापासून मँडोलिनच्या मध्यापर्यंतचा मोठा पल्ला एकाच वाद्यात सामावतो. या कुलातील मोठी वाद्ये एरवी केवळ साथीला, वृंदातील खालचा स्वर धरण्यासाठी वापरली जात. कालाचे बंधूंनी लिउतोच्या घडणीत सुधारणा केल्या आणि राफ्फाएलेने ते एकलवादनाचे वाद्य म्हणून पुढे आणले. आपल्या मैफलींतून तो मँडोलिन व लिउतो अशी दोन्ही वाद्ये वाजवीत असे. लिउतोसाठी त्याने स्वतंत्र शिक्षणपद्धती व एकलरचनाही लिहिल्या. जवळजवळ शून्यातून उभे केलेले असे हे वाङ्‌मय आहे.

वादनतंत्र : छेडून वाजविण्याच्या वाद्याचा मुख्य प्रश्न असा, की तार छेडल्याक्षणी नाद सर्वांत मोठा असतो व लगेच विरू लागतो. मँडोलिनच्या तारा आखूड व ताणलेल्या असल्याने तो सतारीपेक्षाही लवकर विरतो. दीर्घ स्वर टिकविण्यासाठी नखीने वर-खाली अतिजलद आघात करीत राहावे लागते. या क्रियेस इटालियन भाषेत ‘त्रेमोलो’ म्हणतात. संतूरवादक कलमांच्या द्रुत आघातांनी स्वर लांबवितो, तसाच हा प्रकार होय. त्रेमोलो सरसकट व एकाच वेगाने केल्यास वादन कंटाळवाणे व थरथरते वाटते. सामान्य मँडोलिनवादनावरील टीकेचा रोख बहुधा याच दोषावर असे. कुशल वादक आघातांची दाटी व जोर स्वरवाक्याच्या चढउताराप्रमाणे बदलतो आणि त्यातून व्हायोलिनच्या गजासारखा किंवा गायकाच्या श्वासासारखा परिणाम साधतो. कोठे त्रेमोलो करावा व कोठे एकेरी आघाताने स्वर मोकळा सोडावा, यावर वादकाची अभिरुची ओळखली जाते.

एकट्या मँडोलिनवर एकाहून अधिक स्वरधारा वाजविणे हे त्या काळच्या निष्णात वादकांचे मुख्य आव्हान होते. वरच्या तारेवर त्रेमोलोने चाल चालू ठेवून मधूनमधून खालच्या तारांवर सुट्या आघातांनी साथ द्यावयाची, अशी ही रीत आहे. ऐकणाऱ्यास दोन वाद्ये वाजत असल्याचा भास होतो. कालाचेचा ज्येष्ठ समकालीन कार्लो मुनिएर (मृत्यू १९११) याने या रीतीचा पुरस्कार केला होता. कालाचेने तिचा विस्तार करून तीन व चार तारांवर एकाच वेळी त्रेमोलो, विस्तृत स्वरमेळांचे झोत, तारांवरून ओघळणारे खंडित स्वरमेळ, डाव्या हाताच्या बोटांनी छेडलेले स्वर व कृत्रिम सहस्वर यांचा संगतवार उपयोग केला. ही तंत्रे केवळ चमत्कृतीसाठी नव्हती. साथीविना एकटे मँडोलिनही पूर्ण संगीत देऊ शकते, हे सिद्ध करणे हा त्यांमागील हेतू होता.

रचना : कालाचेने मँडोलिन व तज्जातीय वाद्यांसाठी सु. २०० रचना केल्या. त्यांत एकल मँडोलिनसाठी रचना, मँडोलिन व पियानो यांसाठी मैफलीच्या रचना, दोन मँडोलिन, मांडोला व गिटार अशा चतुष्टयासाठी तसेच पंचकासाठी लिहिलेले संगीत, लिउतोसाठी एकलरचना व शिक्षणोपयोगी स्वाध्याय यांचा समावेश होतो. *तारांतेल्ला* (कृतिक्रमांक १८) ही दक्षिण इटलीच्या वेगवान लोकनृत्याच्या लयीवरील रचना व *राप्सोदिया नापोलेताना* (कृतिक्रमांक ६६) ही मँडोलिन-पियानोची रचना यांतून नेपल्सच्या संगीताशी असलेले त्याचे नाते दिसते. या प्रकारच्या रचनांनी त्यास लोकप्रियता दिली.

त्याची खरी योग्यता मात्र एकल मँडोलिनच्या ‘प्रेलुदिओ’ या रचनामालेत व दोन कन्चेर्तोंत प्रत्ययास येते. प्रेलुदिओ म्हणजे मूलतः मुख्य रचनेपूर्वी वाजवावयाची छोटी पूर्वरचना. परंतु शॉपॅंपासून तिला स्वयंपूर्ण भावचित्राचे रूप आले होते. कालाचेने हा प्रकार मँडोलिनवर आणला. दुसरा प्रेलुदिओ (कृतिक्रमांक ४९) आजही एकलवादनाच्या कार्यक्रमांत वारंवार ऐकावयास मिळतो. स्वरमेळांचे गंभीर आरंभ, मध्ये गीतासारखी दीर्घ चाल व तिच्या भोवती वेगवान स्वरांचे विणकाम हे या मालेतील रचनांचे सर्वसाधारण विशेष होत. पहिला कन्चेर्तो (कृतिक्रमांक ११३) व दुसरा कन्चेर्तो (कृतिक्रमांक १४४) हे दोन्ही मँडोलिन व पियानो यांसाठी आहेत. व्हायोलिनच्या स्वच्छंदतावादी कन्चेर्तोचा विस्तार व नाट्य मँडोलिनवर पेलण्याचा हा प्रयत्न आहे. कालाचेची संगीतभाषा त्याच्या काळाच्या मानाने जुन्या वळणाची होती. स्ट्राव्हिन्स्की, शनबर्ग यांसारख्या समकालीनांनी यूरोपीय संगीतात जी उलथापालथ केली, तिचे पडसाद त्याच्या रचनांत उमटलेले नाहीत. तो इटालियन गायकी परंपरेत व एकोणिसाव्या शतकातील स्वरसंहतीतच रमला. परंतु वाद्याच्या अंगभूत शक्तीची अचूक जाण या दृष्टीने त्याच्या रचनांना तोड नाही. त्या अन्य वाद्यांवरून उसन्या घेतलेल्या नसून मँडोलिनच्याच हातांनी सुचलेल्या आहेत.

ध्वनिमुद्रण-युग व मँडोलिन : एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला, तेव्हा कालाचे चौदा वर्षांचाही नव्हता. एमिल बेर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे एकस्व घेतले आणि १९०० नंतर तबकड्यांचा व्यापार झपाट्याने वाढला. एन्रिको कारूझो या नेपल्सच्याच गायकाने १९०२ मध्ये मिलान येथे केलेल्या ध्वनिमुद्रणांनी या नव्या साधनास कलाक्षेत्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण पूर्णतः यांत्रिक होते. कलावंताने मोठ्या कर्ण्यापुढे गावे वा वाजवावे, कर्ण्यात गोळा झालेल्या ध्वनीने पटल कंप पावावे व त्यास जोडलेल्या सुईने मेणाच्या तबकडीवर खाच कोरावी, अशी ही पद्धती होती. सर्वसाधारणपणे २०० ते २,००० हर्ट्‌झ या मर्यादेतील ध्वनीच तीत समाधानकारक उमटत.

मँडोलिनला ही पद्धती बऱ्याच अंशी अनुकूल होती. तिच्या सर्वांत खालच्या तारेचा मूलस्वर सु. १९६ हर्ट्‌झचा व वरच्या मोकळ्या तारेचा सु. ६५९ हर्ट्‌झचा असल्याने वाद्याचा बराचसा पल्ला या मर्यादेत बसे. पोलादी तारेवरील नखीचा आघातही तीक्ष्ण व स्पष्ट असे. कर्ण्याजवळ बसून वाजविता येण्याजोगे हे लहान वाद्य होते. त्यामुळे आरंभीच्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांनी मँडोलिनचा भरपूर उपयोग केला. अमेरिकेत सॅम्युएल सीगेल (१८७५–१९४८) या वादकाची मँडोलिनवादने एडिसन, व्हिक्टर इ. कंपन्यांनी मुद्रित केली.

परंतु कालाचेच्या कलेचे जे अंग सर्वांत मौलिक, तेच या माध्यमात अपुरे उमटण्याजोगे होते. लिउतोच्या खालच्या तारेचा मूलस्वर सु. ६५ हर्ट्‌झचा, म्हणजे यांत्रिक ध्वनिमुद्रणाच्या पकडीबाहेरचा होता. त्रेमोलोतील मंद-तीव्रतेचे सूक्ष्म चढउतारही खाचेत सपाट होत. शिवाय तबकडीच्या एका बाजूस तीन ते साडेचार मिनिटांचाच अवधी मिळे. चटकदार नृत्यरचनेस तो पुरेसा असला, तरी कन्चेर्तोसारखी दीर्घ रचना तीत मावत नसे. भारतीय गायकांना याच काळात तासाभराचा राग तीन मिनिटांत आटोपावा लागला, त्याच्याशी ही अडचण सदृश आहे. व्यापारी दृष्टीनेही मागणी होती ती नेपल्सच्या गीतांची व त्यांच्या साथीच्या मँडोलिनची. एकल मँडोलिनच्या गंभीर रचनांना मर्यादितच ग्राहक होते. त्यामुळे कालाचेने मँडोलिन व लिउतो यांवर केलेली ध्वनिमुद्रणे संख्येने थोडी आहेत. तथापि त्यांचे मोल मोठे आहे. त्रेमोलोचा वेग, स्वरावरून स्वरावर घसरण्याची रीत, लयीतील सैलपणा इ. गोष्टी स्वरलेखनात उतरत नाहीत. रचनाकाराने स्वतः त्या कशा अभिप्रेत धरल्या होत्या, हे जाणण्याचे ते एकमेव प्रत्यक्ष साधन होय.

जपानचा दौरा : कालाचेने यूरोपात ठिकठिकाणी मैफली केल्या, परंतु त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत फलदायी प्रवास साठी ओलांडल्यानंतरचा, १९२४ मधील जपानचा होय. मँडोलिन जपानमध्ये तत्पूर्वीच रुजले होते. १९११ मध्ये तेथे गेलेला आदोल्फो सार्कोली हा इटालियन गायक गायनाबरोबरच मँडोलिनचेही शिक्षण देई. १९१० च्या सुमारास विद्यापीठांतून विद्यार्थ्यांची मँडोलिन-मंडळे निघू लागली. राजघराण्याच्या सेवेतील अधिकारी व संगीतकार ताकेई मोरिशिगे (१८९०–१९४९) याने १९१५ पासून मँडोलिनचा वाद्यवृंद चालविला होता. आधुनिक जपानी काव्याचा एक प्रवर्तक हागिवारा साकुतारो (१८८६–१९४२) हाही मँडोलिनवादक असून त्याने आपल्या माएबाशी या गावी वादकांचे मंडळ स्थापन केले होते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने टोकिओ उद्‌ध्वस्त झाल्यास पुरते दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा कालाचे तेथे पोहोचला. युवराज व राजप्रतिनिधी हिरोहितो (१९२६ पासून सम्राट) याच्यासमोर त्याचे वादन झाले. ज्याच्या रचना केवळ छापील स्वरूपात माहीत होत्या, तो रचनाकार प्रत्यक्ष वाजविताना जपानी वादकांस ऐकावयास मिळाला. जपानमधील मँडोलिनवादनावर या भेटीचा खोल ठसा उमटला.

ऱ्हासकाळ : पहिल्या महायुद्धानंतर मँडोलिनची लाट पश्चिमेत झपाट्याने ओसरली. अनेक हौशी मंडळांतील तरुण युद्धात कामी आले. युद्धोत्तर पिढीस जॅझ व नवी नृत्ये प्रिय झाली. अमेरिकेत बॅंजो व युकुलेली यांनी मँडोलिनची जागा घेतली. सर्वांत दूरगामी कारण मात्र ग्रामोफोन व रेडिओ यांचा प्रसार हे होते. घरात संगीत हवे असल्यास ते कोणीतरी वाजविणे आतापर्यंत भाग होते. यंत्राने ती गरज नाहीशी केली. ज्या साधनाने वादकाचे नाव दूरवर नेले, त्यानेच त्याची वाद्ये विकत घेणारा व त्याच्या छापील रचना वाजविणारा हौशी वर्ग क्षीण केला. मुनिएर निवर्तला होता. कालाचेहून तरुण असलेला सिल्व्हिओ रानिएरी (१८८२–१९५६) ब्रूसेल्समध्ये राहून मैफली व अध्यापन करीत होता. अशा प्रतिकूल काळातही कालाचेने रचना व वाद्यनिर्मिती अखेरपर्यंत चालू ठेवली.

वारसा व मूल्यमापन : कालाचेच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा जुझेप्पे याने कर्मशाळा चालविली आणि पुढील पिढ्यांनी नेपल्समध्ये ती परंपरा राखली. कन्या मारिया ही नामवंत मँडोलिनवादक असून तिच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर काही दशके कालाचेच्या मोठ्या रचना यूरोपात क्वचितच वाजविल्या गेल्या. जपानमधील विद्यापीठीय वृंदांनी व एकलवादकांनी मात्र त्या सतत प्रचारात ठेवल्या. लिउतो कांताबिलेचे जाणकार वादकही तेथे टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील संगीतविद्यालयांत मँडोलिनच्या स्वतंत्र अध्यापनाची सोय झाली, जर्मनीतही उच्च शिक्षणात या वाद्यास स्थान मिळाले आणि कालाचेचे प्रेलुदिओ व कन्चेर्तो अभ्यासक्रमांत व स्पर्धांत समाविष्ट झाले. संगीतविद्यालयाची पदवी घेऊन बाहेर पडताना त्याने जो संकल्प केला होता, तो अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच अंशी सिद्धीस गेला.

कालाचे हा थोर नवप्रवर्तक संगीतकार नव्हता आणि तसा दावा त्याच्या चाहत्यांनीही सहसा केलेला नाही. एका दुर्लक्षित वाद्याच्या सर्व गरजा एकत्रितपणे ओळखणारा व त्या स्वतःच्या हातांनी भागविणारा कलावंत, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. केवळ मैफली करणाऱ्या वादकाची कीर्ती श्रोत्यांच्या पिढीबरोबर मावळते. केवळ तबकड्यांवर राहिलेले वादन ऐकता येते. परंतु पुढे चालविण्यास ते अपुरे पडते. कालाचेने ज्यावर वाजवावे असे वाद्य, काय वाजवावे याच्या रचना व कसे वाजवावे याचे पाठ, असे तिन्ही मागे ठेवले. थोड्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांना त्याच्या प्रत्यक्ष वादनाची साक्ष जोडली. लोकप्रियतेची लाट ओसरल्यानंतरही मँडोलिन गंभीर संगीताचे वाद्य म्हणून पुन्हा उभे राहू शकले, यात या साऱ्या सामग्रीचा वाटा मोठा आहे.